‘येऊ नका’ म्हणालो, ‘या’ म्हणायचं राहूनच गेलं

(पत्र बरंच मोठं होतं. मुख्य भाग तेवढा देते.)

ताई, नमस्कार.

नाव छापू नका, ‘कणकवली तालुक्यातली सून’ एवढं पुरे. आम्ही डोंबिवलीत राहतो, मी आणि मिस्टर दोघंही नोकरी करतो. मिस्टर थोरले, दीर धाकटे. दीर आणि जाऊ गावच्या घरात असतात, शेती आणि काजू बघतात. २०२० च्या गणपतीला आम्ही चौघं ई-पास काढून, भाड्याची गाडी करून ११ ऑगस्टला गावी पोचलो. सरकार म्हणत होतं दहा दिवस वेगळं राहा, म्हणजे २२ तारखेच्या चतुर्थीला घरात पाऊल पडेल असा आमचा हिशेब होता. गावच्या समितीनं मात्र चौदा दिवस धरले, आणि तेही घरी नको, मराठी शाळेत. आमचा गणपती दीड दिवसाचा. आम्ही शाळेत असतानाच आला आणि गेला. दीर समितीत नव्हते, पण आमच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. गणपती डोक्यावरून घरी आणायचा मान दरवर्षी मिस्टरांचा. त्या वर्षी दिरांनी आणला. वाट मराठी शाळेवरूनच जाते. मिस्टर खिडकीत उभे होते. दिरांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. डबा जाऊ आणून ठेवायची.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सासरे गेले. मिस्टर तेव्हा स्वतः पॉझिटिव्ह, आतल्या खोलीत. अग्नी दिरांनी दिला. आम्ही मोबाइलवर बघितलं, तेही मधेच रेंज गेली. दहाव्याला मिस्टरांचे केस मी बाथरूममध्ये ट्रिमरनं उतरवले. त्यानंतर ते गावी एकदाच गेले, सातबाऱ्यावर वारस लावायला, आणि कणकवलीत लॉजवर राहून परत आले. गणपतीचे पैसे दरवर्षी फोनवरून पाठवतात. या वर्षी दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण पाठवलंय, गणपतीचं चित्र आणि खाली ‘सहकुटुंब यावे’. मिस्टर म्हणतात, ‘तेव्हा येऊ नका म्हणाले, आता मी जात नाही.’ मुलगी तेव्हा आठवीत होती, आता कॉलेजात आहे. तिला गाव म्हटलं की ती शाळाच आठवते.

इमारतीतही तेच. लॉकडाऊनमध्ये मी सोसायटीच्या कमिटीवर होते. भाजीचा टेम्पो मागवणं, गेटवरचं रजिस्टर, ज्यांच्याकडे पेशंट त्यांना डबे, सगळं केलं. माणसं जवळ आली असं वाटलं होतं. आता मजल्यावरचं कोणी दार वाजवत नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं तर एकीनं ग्रुपवर लिहिलं, ‘वाण वॉचमनकडे ठेवाल का?’ आपण सगळे असे कधी झालो? मी काय करू?

सूनबाई,

आधी त्या मानेचं बघू.

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. लहानपणी गणपती आणताना मामाच्या मागून घंटा वाजवत मी चालायचे, म्हणून सांगते. डोक्यावर टॉवेलची चुंबळ, तिच्यावर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावरून रुमाल. दोन्ही हात वर, पाटाला. मातीची मूर्ती दिसते त्याहून बरीच जड असते, आणि आमची पाणंद भाद्रपदात म्हणजे शेवाळ धरलेला जांभा. मामाची नजर पायापुढे दोन हातांपलीकडे कधी गेली नाही. वाटेत कोणी हाक मारली तर ओठ न हलवता नुसतं ‘हं’. बाजूला बघायचं तर आधी पाय थांबवायचे, मग अख्खं अंग वळवायचं, आणि तोवर मागचा छत्रीवाला ओरडणार, ‘अरे, रुमाल भिजतोय!’

तेव्हा मान वळवली नाही हा पुरावा मला कच्चा वाटतो. डोक्यावर गणपती असलेल्या माणसाला मान वळवताच येत नाही, आणि हे मिस्टरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. इतकी वर्षं त्यांनीच आणलाय.

ते म्हणतील, थांबता आलं असतं की. आलं असतं. शाळेसमोर क्षणभर उभं राहता आलं असतं. दिरांनी ते का केलं नाही, मला माहीत नाही. भीती असेल, पावसाची घाई असेल, लाज असेल. थोरल्याचा मान आपल्या डोक्यावर घेऊन त्याच थोरल्याच्या खिडकीखालून जायचं, ही वेळ वाईटच. किंवा खरोखरच त्यांना बघायचं नसेल. तेही शक्य आहे, मी काही दिरांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. पण याचं उत्तर एकाच माणसाकडे आहे, आणि त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. तुमच्या घरात सगळ्यांनी आपापल्या मनानं उत्तर लिहून टाकलंय.

ते वर्ष आपल्याला आता नीट आठवत नाही असं मला फार वाटतं. तारखा पाठ आहेत. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा, दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्या गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, मी खडीसाखरेची पुरचुंडी बांधली. दुकानाबाहेर खडूचे गोल, हेही आठवतं. जे निसटलंय ते म्हणजे माणसाला माणूस बघून वाटायची ती भीती. गावोगावच्या वेशीवर फांद्या आणि दगड येऊन पडले. मे महिन्यात मुंबईची माणसं गावाकडे निघाली आणि तोवर बऱ्यापैकी निवांत असलेल्या कोकणात रुग्ण वाढायला लागले. चाकरमानी हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. होळी-गणपतीला चाकरमानी येणार म्हणून गाव महिनाभर आधीपासून रस्त्याकडे बघत असतं. त्या दोन-तीन महिन्यांत तोच शब्द ऐकला की लोक नाकावर पदर घ्यायला लागले. कोणाच्या अंगणात मुंबईच्या नंबरची गाडी लागली, हे दुसऱ्या वाडीत पोचायला अर्धा तास पुरेसा होता. मुंबईकरांना वाटलं, ज्या गावाची देवळं आम्ही बांधली त्यानं आम्हाला हाकललं. गावाला वाटलं, यांना एरवी सवड नसते आणि आता आजार घेऊन आले. दोघांनाही जे वाटलं ते त्या वेळी खरंच वाटलं होतं.

नियमांचं तर विचारूच नका. १२ ऑगस्टपर्यंत पोचा, दहा दिवस वेगळे राहा. एसटीनं आलात तर पास नको, आपल्या गाडीनं आलात तर हवा. आणि सप्टेंबर उजाडला तसा तो पासच गेला. घरातली मूर्ती दोन फुटांपर्यंत, मंडळाची चार. आषाढीला पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या होत्या. लालबागच्या राजाच्या मंडळानं त्या वर्षी मूर्ती बसवलीच नाही, रक्तदान शिबिर भरवलं. देवाच्याही येण्याजाण्यावर जिथे बंदी आली तिथे कणकवली तालुक्यातल्या एका समितीनं दहाचे चौदा केले, यात मला नवल वाटत नाही.

पटलेलं मात्र नाही, हेही लिहून ठेवते. चतुर्थीपर्यंत सरकारचे दहा दिवस होऊन गेले होते. गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, अंगणाच्या टोकाला उभं राहून तुम्हाला दर्शन घेऊ दिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. दिरांनी तेवढं तरी समितीला म्हणायला हवं होतं. पोरांना शाळेच्या ओट्यावर बसवून घरच्या आरतीचा आवाज ऐकायला लावणं वाईटच. त्याचं दुःख होणार, आणि पाच-सहा वर्षांनीही होत असेल तर त्यात चुकीचं काही नाही.

आता जरा न आवडणारं.

तुमच्या पत्रात एक माणूस कुठेच नाही. घरकामाच्या मावशी. डोंबिवलीत दोघं नोकरीला जाणारे, दोन मुलं, म्हणजे मावशी असणार असं धरून चालते. चुकत असेन तर हा परिच्छेद सोडून द्या. मार्चनंतर किती महिने त्यांना गेटच्या आत घेतलं नाही? रजिस्टर तुमच्याकडे होतं म्हणता. आमच्या सोसायटीनं पाच महिने घेतलं नाही. पहिले दोन महिने बहुतेकांनी पगार दिला, मग ‘काम नाही तर पगार कसला’ सुरू झालं. त्यावर ऑनलाइन मीटिंग झाली. मी म्यूटवर होते. बोलायचं म्हणून बोट त्या बटणापाशी नेलं, आणि समोरच्या चौकटीत अध्यक्षांचा चेहरा बघून परत घेतलं. मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद झाली. समितीपुढे तुमचे दीर जसे गप्प बसले, तशीच मी गप्प बसले. तुम्ही तुमच्या मीटिंगमध्ये बोलला असाल तर शाबास. नसाल तर दिरांच्या त्या गप्प बसण्याकडे एकदा तिकडून बघा.

माझं आणखी एक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. जून २०२० मध्ये यजमानांची रक्तदाबाची गोळी आमच्या भागातल्या दुकानांत संपली. माझ्या मामेभावानं ती कुठूनशी मिळवली आणि हडपसरहून कोथरूडला दुचाकीवर घेऊन आला. दारात उभा. मी सेफ्टी डोअर उघडलं नाही. ‘पिशवी खाली ठेव आणि निघ बाबा, लवकर निघ’ म्हणाले. पाणी विचारलं नाही. उन्हातून आलेल्या भावाला दारातून पाण्याशिवाय लावून दिलं, हे मला तीन वर्षं टोचत होतं. २०२३ च्या भाऊबीजेला त्याच्याकडे गेले. ओवाळायला बसवलं आणि निरांजन लावायच्या आधी म्हटलं, ‘अरे, त्या दिवशी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही मी.’ तो म्हणाला, ‘पाण्याचं काय घेऊन बसलीस! मी जिन्याशी मागे सरलो, तर तू फट उघडून पडद्याच्या रॉडनं ती पिशवी आत ओढलीस. ते मात्र लागलं होतं मला.’ आणि हसला. सूनबाई, रॉड मला मुळीच आठवत नव्हता. घरी येऊन यजमानांना विचारलं तर म्हणाले, ‘होता की. नंतर तू तो डेटॉलनं पुसलास.’

म्हणजे मी तीन वर्षं पाण्याची माफी घोकत होते आणि भाऊ रॉड घेऊन बसला होता. दाराआडून जिनं हे केलं तिला एक आठवतं, बाहेर जो उभा होता त्याला वेगळंच.

मिस्टरांना मान आठवते. दिरांना ती बहुधा आठवतही नसेल. त्यांना काय टोचत असेल याचा मला अंदाज आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत सांगून पुढे गेला आहात. लॉज.

कणकवलीहून घर लांब लांब म्हणजे किती असेल? तलाठी कार्यालयात वाडीतला माणूस भेटल्याशिवाय राहत नाही. थोरला आलाय आणि लॉजवर उतरलाय, ही बातमी त्याच संध्याकाळी दिरांच्या पडवीत पोचली असणार. वडील गेल्यानंतर भाऊ पहिल्यांदा आला. बापाच्या घरात पाणी न पिता, त्याच्या फोटोला हार न घालता, सातबाऱ्याचं काम करून निघून गेला. मिस्टरांच्या मनात रुसव्यापलीकडे काही नसेलही. पण वारस लावायचा आणि बोलणं बंद ठेवायचं, याचा गावात एकच अर्थ लावतात. आता वाटण्या होणार. तेव्हापासून दीर रात्री पडल्या पडल्या काजूची झाडं मोजत असतील. तुम्हाला वाटतंय भांडण गणपतीचं आहे. त्यांना वाटत असेल जमिनीचं आहे. आणि दोघं एकमेकांना काय पाठवतात? एक फोनवरून पैसे, दुसरा फोनवरून चित्र.

त्या चित्राबद्दल मिस्टरांचा राग मला अगदी समजतो. घरच्या गणपतीचं आमंत्रण घरच्याला नसतं. पाव्हण्याला असतं. ‘सहकुटुंब यावे’ वाचून त्यांना वाटलं असेल, मला पाव्हण्यात काढलं. पण दिरांनी तरी काय करावं? गेली इतकी वर्षं वर्गणी दिल्यासारखे पैसे येतात आणि माणूस येत नाही. ‘दादा, ये’ हे फोन करून म्हणायचं धाडस त्यांना झालं नसेल, म्हणून ते चित्राच्या आडून म्हणाले. दर वर्षी नव्हतं पाठवलं ना? या वर्षीच पाठवलंय. २०२० मध्ये आपण घरोघरी ‘येऊ नका’ म्हणायला शिकलो, आणि ते वेळेवर म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, फाटकावर लिहून लावलं. लॉकडाऊन उठल्याचे आदेश निघाले, पण ‘आता या’ असं घरोघरी कोणी जाऊन सांगितलं नाही. ज्याला त्याला वाटलं, समोरच्याला कळेलच. तुमच्या दिरांचं ते चित्र मी असं वाचते.

आता तुम्ही काय करायचं.

दिरांना फोन करू नका. मिस्टरांच्या आणि त्यांच्या मधे पडू नका. फोन जावेला करा. पत्रात तुम्ही तिला अर्धं वाक्य दिलंय, ‘डबा जाऊ आणून ठेवायची.’ जरा हिशेब करा. चौदा दिवस, दिवसाला दोन वेळा, म्हणजे अठ्ठावीस डबे. चार माणसांचा स्वयंपाक, कोकणातला ऑगस्ट, घरात आजारी वयाचे सासरे. ती चिखलातून शाळेपर्यंत यायची, गडग्यावर डबा ठेवायची, हाक मारायची, मागे सरायची. रिकामा डबा न्यायला पुन्हा यायची, आणि तो वेगळा घासायची, कारण घरातल्या भांड्यांत मिसळून चालत नव्हतं. तुमच्यासाठी चौदा दिवस कोणी काही केलं असेल तर ते तिनं, आणि तिला त्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही, कारण सगळे मानेकडे बघत होते. तुम्ही डोंबिवलीत पेशंटच्या दाराशी डबे ठेवलेत. त्या लोकांनी नंतर ओळख दाखवली नाही तर कसं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तर तुमचं हे पत्र.

तेव्हा तिला फोन करा आणि डब्यांबद्दल बोला. त्यात काय काय असायचं ते आठवा. घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, चतुर्थीला मोदक आले होते की नाही, मुलगा काय खायचा नाही. मुलीलाही जवळ बसवा. तिला ती शाळा कशी आठवते हे तुम्ही लिहिलं नाहीत. वाईट आठवते असं तुम्ही धरून चालला आहात. आठवीतली मुलगी होती ती, तिला त्या व्हरांड्यात काय सापडलं कोण जाणे. विचारा.

आणि जावेला दुसरी गोष्ट सांगा. ट्रिमरची. वडील गेल्यावर थोरल्यानं तिकडे डोंबिवलीत काय केलं, हे त्या घरात कोणाला माहीत आहे का? माझी खात्री आहे, नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की थोरला मोबाइलच्या चौकटीत होता आणि मधेच नाहीसा झाला. रेंज गेली की त्यानं फोन ठेवला, हेही त्यांना कळलं नसेल. मास्क लावून, तापातून उठलेल्या नवऱ्याला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवून तुम्ही केस उतरवलेत. ते केस कशात गोळा केलेत, नंतर त्यांचं काय केलंत, मिस्टर काही बोलले का, हे तिला सांगा. ती रडेल, तुम्हीही रडाल, बिल वाढेल. वाढू दे. रात्री ती दिरांना सांगेल. सांगू नकोस म्हणालात तर नक्कीच सांगेल.

मिस्टरांना ‘चला ना हो गणपतीला’ असं म्हणू नका. गणपतीत घरात चाळीस माणसं, भजनाला गाव लोटलेलं, उसळीचा टोप उतरवायला माणूस नाही, त्या गर्दीत दोन भाऊ एकमेकांशी ‘पाणी आलं का’ याच्यापलीकडे बोलणार नाहीत. आणि आरती कोणी धरायची यावर नवीन घोळ व्हायचा. त्यांना आधी पाठवा, महिनाभर आधी. आपल्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मूर्तीसाठी पाट नेऊन देतात ना, तुमच्याकडे नागपंचमीला देत असतील किंवा मागेपुढे. त्या वेळी. मिस्टरांनी भावाला फोन करून एकच वाक्य बोलायचं, ‘पाट द्यायला मी येतो.’ मान, समिती, शाळा, बाबा, काही नाही. या वाक्यात त्यांचा थोरलेपणाही आला आणि भांडणही नाही. दीर काय म्हणतील? ‘ये’ म्हणतील. फार तर म्हणतील, ‘पाट जरा हलतोय, खिळा मारायला हवा.’ तसं म्हणाले तर काम झालं असं समजा.

जायचं एकट्यानं. पाट दोघांनी मिळून न्यायचा. वाट मराठी शाळेवरूनच जाते, तेव्हा विषय काढावा लागणार नाही, तो रस्त्यातच उभा आहे. डोक्यावर काही नसेल, तेव्हा दोघांच्याही माना मोकळ्या असतील. बोलले तर बोलले, नाही बोलले तरी पाट पोचेल. वाटण्यांचं मनात नसेल तर मिस्टरांनी तेही तिथेच, चालता चालता सांगून टाकावं. मनात असेल तर त्या दिवशी गप्प बसावं आणि दिवाळीनंतर कागद घेऊन जावं. खोटं सांगू नये.

आणि या वर्षी गणपती डोक्यावरून कोणी आणायचा, हा हट्ट मिस्टरांनी धरू नये असं माझं मत. २०२० पासून ज्या धाकट्यानं उचललाय त्याच्या मानेलाही आता सवय झाली असेल. मागून छत्री धरली तरी मान कमी होत नाही. यावर मला दहा थोरल्या भावांची रागाची पत्रं येणार आहेत, येऊ देत.

इमारतीचं थोडक्यात लिहिते, कारण तिथे तितकंसं बिघडलेलं नाही. त्या दिवसांत माणसं जवळ आली हे खरं, पण ती कामापुरती आली. टेम्पो आला की सगळे खाली, टेम्पो गेला की सगळे वर. त्याला शेजार समजलात म्हणून आता रुखरुख वाटते. शिवाय सगळंच मागं न्यायची गरजही नाही. येण्याआधी फोन करतात ते मला आवडतं, मी दुपारी झोपते. माझ्या भाचीचं लग्न पन्नास माणसांत झालं आणि तिच्या बापाचं कर्ज टळलं, त्याबद्दल मी त्या नियमाला मनातल्या मनात हात जोडलेत. यजमानांना मोहरीचा डबा कुठला आणि जिऱ्याचा कुठला हे बत्तीस वर्षांनी कळलं, तेही त्याच दिवसांत.

वाण मात्र वॉचमनकडे ठेवू नका. ग्रुपवर उत्तरही देऊ नका, तिथे हसऱ्या तोंडाची चित्रं येतील आणि विषय संपेल. संध्याकाळी वाणाची वाटी घेऊन तिच्या दाराशी जा. वाटीत तिळाचे दोन लाडू घाला. तिला हातात घ्यावी लागेल. आणि वाटी तुमच्या घरातली असू द्या, वाणाची वेगळी. रिकामी वाटी परत करत नाहीत हे तिच्या आईनं तिला सांगितलं असेल तर आठ दिवसांत ती तुमचं दार वाजवेल. नाही आली तर एक वाटी गेली. ग्रुपवर निरोप टाकण्याआधी एवढं करून बघा.

मावशी अजून तुमच्याकडेच असतील, तर त्या महिन्यांच्या पगाराचं काय झालं होतं ते डायरीत बघा. उरला असेल तर द्या. बोनस म्हणून नको, त्याच महिन्यांचं नाव घेऊन द्या.

मिस्टरांचं तिकीट तुतारी एक्स्प्रेसचं काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गणपतीच्या आठवड्याचं मिनिटांत संपतं, नागपंचमीच्या वेळी मिळून जाईल. एकच तिकीट काढा, आणि लॉज बुक केलेला नाही ना, तेवढं बघा. स्टेशनवरून रिक्षा थेट घरापर्यंत सांगायची. रिक्षावाला विचारेल, कोणाकडे? तेव्हा भावाचं नाव सांगू दे त्यांना.